काळ्या कपड्यांच्या आत : गॉथ मंडळींनी लिहिलेले अनुभव

गॉथ म्हटले की पांढराफटक चेहरा, काळे कपडे आणि स्मशानाची ओढ एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. वास्तविक हे सारे गाण्यातून जन्मले. १९७९ साली नॉर्थम्प्टनच्या 'बाउहाउस' या बँडचे नऊ मिनिटांहून लांब असे पहिले गाणे निघाले, १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' हा क्लब सुरू झाला, आणि पंक या बंडखोर रॉक संगीताचा भर ओसरत असताना त्या अंधाऱ्या संगीताभोवती जमलेल्या मंडळींना गॉथ हे नाव चिकटले. या मंडळींत वावरणाऱ्या, किंवा घरात असे कोणी असणाऱ्या मराठी माणसांनी त्यातून आपल्याला काय मिळाले ते लिहावे, अशी विनंती आहे. 'हे वयाचे खूळ आहे, उतरेल' हे आपण सर्वांनी ऐकून झालेले आहे, त्यामुळे त्यावर शाई खर्चू नये. सुरुवात मीच करते.

लीड्सहून

मी २००९ मध्ये लीड्सला शिकायला आले. आमच्या प्रयोगशाळेतील पन्नाशीच्या तंत्रज्ञ बाई दिवसभर पांढऱ्या कोटात नमुने तपासत आणि शनिवारी रात्री मखमली झग्यात नाचायला जात. 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हा बँड १९८० मध्ये याच शहरात स्थापन झाला, त्यात ढोलकऱ्याच्या जागी यंत्र असते आणि त्या यंत्राला 'डॉक्टर अॅव्हलांच' असे नाव आहे, हे सगळे त्यांनी मला एखाद्या घराण्याची परंपरा सांगावी तशा निष्ठेने सांगितले.

त्यांच्याबरोबर प्रथम जायचे ठरले, तेव्हा मी आरशासमोर पांढरी पावडर लावून पाहिली. माझ्या गव्हाळ वर्णावर ती भस्म फासल्यासारखी दिसू लागली. बाईंनी ओल्या रुमालाने ती पुसून काढली आणि विचारले, "तुझ्याकडे ते काळे असते ना, डबीतले?" आजीने सोबत दिलेले काजळ त्या रात्री प्रथमच पापणीच्या कडा ओलांडून गालापर्यंत आले. जिथे फिकटपणालाच शोभा मानतात तिथे सावळ्या माणसाची जागा कोणती, हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून टोचतो, आणि तो टोचत नाही असे मी म्हणणार नाही. मात्र त्या तळघरात जो तो स्वतःशीच नाचत होता, कोणीही अंगचटीला आले नाही, हसून दाखवण्याचा आग्रह कोणी केला नाही. एकटीने नाचायला गेलेल्या मुलीसाठी ही गोष्ट किती मोठी आहे, हे बायकांना वेगळे सांगायला नको.

लायपझिगहून

जर्मनीतील या शहरात १९९२ पासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुटीत 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन' हा मेळावा भरतो आणि त्यासाठी सुमारे २० हजार लोक येतात. पहिल्या वर्षी मी निव्वळ बघ्या होतो. ११ क्रमांकाच्या ट्रामच्या दारात भल्यामोठ्या घेराचा झगा घातलेली एक बाई अडकली, तेव्हा भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या एका आजींनी शांतपणे तो घेर एका बाजूने उचलून धरला आणि तिला सरकून जागा दिली. पुढे मीही जुन्या बाजारातून एक लांब कोट आणला, त्याचे अस्तर उसवले आणि हाताने नवे शिवले. नुसत्या बाह्या बसवायला चार रविवार गेले.

माझे वडील गेले त्या वर्षी तेरावे उरकून मी परतलो, तर भेटेल तो 'कामात मन रमव' असे सांगत होता. मेळाव्याच्या दिवसांत येथील दक्षिण स्मशानभूमीत बरीच मंडळी फिरायला जातात. तेथे एका दगडी देवदूताजवळच्या बाकावर मी ओळखीच्या एका जर्मन बाईंबरोबर बसलो होतो. त्यांनी काही विचारले नाही की धीर दिला नाही, आणि मी मात्र तासभर वडिलांच्या गिरणीतील पाळ्यांविषयी बोलत राहिलो. गॉथ मंडळींना मृत्यूचे आकर्षण असते की नाही, याबद्दल मला ठामपणे काही सांगता येणार नाही. त्यांना त्याचा संकोच वाटत नाही, एवढे मी पाहिले आहे. क्लारा-त्सेटकिन उद्यानातील व्हिक्टोरियन सहभोजनाला मात्र मी आता जात नाही, कारण न विचारता छायाचित्रे घेणाऱ्यांची तेथे फारच गर्दी असते.

पुण्याहून

मी रोज निळा सदरा घालून कचेरीत जातो आणि तरीही स्वतःला गॉथ समजतो, कारण माझ्यापुरता हा ऐकण्याचा विषय आहे. पुण्यात काळा शर्ट घातला की लोक मेटलवाला, म्हणजे दणदणाटी रॉक ऐकणारा, समजतात. दोन्हींतला फरक समजावण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

मँचेस्टरजवळून

वेशाची किंमत मोजावी लागते, हेही येथे नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायरमधील बेकप गावच्या उद्यानात सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांना केवळ त्यांच्या वेगळ्या पेहरावामुळे टोळक्याने मारहाण केली आणि त्यात सोफीचा मृत्यू झाला. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करतात. माझ्यावर बसमध्ये एकदा शीतपेय ओतले गेले. रंगामुळे की बुटांमुळे, ते मला आजतागायत कळलेले नाही.

लंडनहून, एका आईकडून

मी स्वतः गॉथ नाही, माझी मुलगी आहे. तिने खोलीचे पडदेही काळे केले, तेव्हा 'भरल्या घरात हे अमंगळ कशाला' असे मी रागाने बोलून गेले. तिने शांतपणे विचारले, "मग संक्रांतीला तू काय नेसतेस?"

दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या सासूबाईंची चंद्रकळा मागितली. ती कापून झगा शिवण्यास मी साफ नकार दिला, तर मुलगी म्हणाली की ती तशीच नेसेन. १९९४ पासून व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी गॉथ मंडळींचे संमेलन भरते, तेथे तिला ती हवी होती. मीही बरोबर गेले. व्हिटबीला जेट नावाचा काळा दगड मिळतो आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात सुतकात त्याचेच दागिने घालत. दुकानात ते मणी हातात घेतले, तेव्हा माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी त्यांच्याशेजारी दिसले, आणि एकाच रंगाचे एकीकडे सुतक तर एकीकडे सौभाग्य, या विचाराने मी जरा थबकले. मुलीला कानातले घेऊन दिले.

मठाकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या ती त्या चंद्रकळेवर जाडजूड बूट घालून चढली. समुद्राचा वारा फार होता. निऱ्या सुटू नयेत म्हणून मी तिला सहा पिना लावून दिल्या होत्या. त्यांपैकी चार परत आल्या.