मदत हवी आहे: आइसलँड, ८ दिवस, भाड्याची गाडी, सोबत आई

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आइसलँडला जायचं पक्कं झालंय. विमानाची तिकिटं काढली, शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, आता गाडी कुठली आणि रूट कुठला यावरून घरात रोज रात्री जेवताना वाद. माणसं चार. मी (४४), बायको, नववीतली मुलगी आणि माझी आई, वय ६८, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण चालते, फक्त उतारावर हात धरावा लागतो. गाडी चालवणारा मी एकटाच, बायकोकडे लायसन आहे पण ते पाकिटात.

आता प्लॅन. रेक्याविकला उतरायचं म्हणजे खरं केफ्लाविकला, तिथून ५० किमी. मग थिंगवेट्लिर, गेसिर, गुटलफॉस, मग दक्षिण किनारा, व्हिक, योकुल्सारलॉन, हॉफ्न, पूर्वेकडचे फ्योर्ड (डोंगरांत आत घुसलेल्या अरुंद खाड्या), मिव्हात्न, डेट्टिफॉस, अकुरेरी आणि परत. म्हणजे अख्खा रिंग रोड. आणि मध्येच वाकडी वाट करून लँडमन्नालौगर, कारण ते रंगीत डोंगर फोटोत बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. बायकोचं म्हणणं की हे सगळं ७ रात्रींत केलं तर आपण आइसलँड काचेतूनच बघणार. माझं म्हणणं की रिंग रोड आहे १३२२ किमी, समृद्धीने नागपूरला जाऊन आलं तरी १४०० होतात आणि ते आपण लग्नासाठी दोन दिवसांत करून आलोय की! यावर ती काही बोलली नाही, नुसती आईकडे बघून हसली, आणि आईपण हसली. म्हणून हा धागा.

नेमकं अडलंय ते सांगतो. एक तर गाडी. फोर बाय फोर आणि साधी छोटी गाडी यांच्या भाड्यात जवळजवळ दुपटीचा फरक दिसतोय, तर सप्टेंबरमध्ये साधी चालेल का? दुसरं इन्शुरन्स, त्यांच्या यादीत खडी वेगळी, वाळू आणि राख वेगळी, काच वेगळी, सगळं घेतलं तर गाडीपेक्षा तेच महाग पडतंय, राखेचा इन्शुरन्स हा काय प्रकार आहे, रोज ज्वालामुखी फुटतो का तिथे? २०१० ला एयाफ्यात्लायोकुल फुटला तेव्हा माझा एक मित्र पाच दिवस फ्रँकफर्ट एअरपोर्टवर झोपला होता, त्यामुळे मी हसत नाहीये, खरंच विचारतोय. तिसरं, उजवीकडून गाडी चालवायची मला जाम भीती वाटते. आणि चौथं जेवण, आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

मुलीचा इंटरेस्ट वेगळाच आहे. तिने कुठेतरी वाचलं की तिथले बसाल्टचे षटकोनी खांब आणि आपल्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल एकाच पद्धतीने झालेत, लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जातात. आपला साडेसहा कोटी वर्षं जुना, तिकडचा अजून ताजा. त्यामुळे तिला खांब बघायचेत, बाकी कुठेही न्या म्हणते.

जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज लिहा. ट्रॅव्हल कंपनीचे नंबर नकोत.

---

प्रतिसाद १

वहिनींचं ऐका.

समृद्धीशी तुलना करू नका हो. तिथे तुम्ही १२० ने सरळ जाता. इथे डांबरी रस्त्याला लिमिट ९०, खडीच्या रस्त्याला ८०, गावात ५०, कॅमेरे आहेत आणि दंड आपल्या खिशाला फार म्हणजे फार लागतो. बहुतेक ठिकाणी जायला एक लेन, यायला एक लेन, कडेला थांबायला जागा नाही आणि दर दहा मिनिटांनी तुम्हाला थांबावंसं वाटणार. लोक चक्क रस्त्यात गाडी थांबवून फोटो काढतात, ते तुम्ही करू नका. योग्य जागा येईपर्यंत पुढे जायचं.

आणि लँडमन्नालौगर विसरा. तिकडे जाणारे रस्ते एफ नंबरचे, म्हणजे डोंगरातले, त्यावर कायद्याने फोर बाय फोरच लागते, काही ठिकाणी नदी गाडीतून ओलांडायची असते, पाण्यात इंजिन बसलं तर बहुतेक इन्शुरन्स कामी येत नाहीत. हे रस्ते साधारण जूनच्या शेवटी उघडतात आणि सप्टेंबरमध्ये बर्फ पडला की बंद. तिसरा आठवडा म्हणजे जुगार.

रिंग रोडपुरतं म्हणाल तर साधी गाडी चालते, सप्टेंबरमध्ये मी तीच नेली होती. पण चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा, तेव्हा डिकीचं माप आधी विचारा.

---

प्रतिसाद २

दादा, मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते (आम्ही डेन्मार्कला असतो, तिथून जवळ), म्हणून आईंपुरतं लिहिते.

सेल्यालँड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, पण दगड ओले आणि निसरडे, आईंना समोरूनच दाखवा, छान दिसतो. स्कोगाफॉसला एकदम पायथ्यापर्यंत सपाट आहे, ६० मीटरवरून पाणी अंगावर येतं, सासूबाई तिथे भिजून लहान मुलीसारख्या हसत होत्या. वरच्या पायऱ्या टाळा, चारशेच्या वर आहेत. योकुल्सारलॉनला तर गाडीतून उतरलं की समोर बर्फाचे निळे तुकडे तरंगतात, सील पण दिसतात, आणि रस्त्यापलीकडे काळ्या वाळूवर तेच तुकडे समुद्राने परत आणून टाकलेले. आम्ही तिथे दोन तास काढले आणि कमीच वाटले.

रेनिसफ्यारा, म्हणजे व्हिकजवळचा काळा किनारा, तिथले खांब तुमच्या मुलीला आवडतील पण समुद्राकडे पाठ करायची नाही. शांत वाटणाऱ्या पाण्यातून एकदम एक लाट खूप आत येते आणि ओढून नेते, माणसं गेलीयेत तिथे. पार्किंगजवळ दिवे लावलेत, लाल असेल तर खाली जायचंच नाही. मुलीला खांब नीट बघायचे असतील तर स्काफ्टाफेट्लचा स्वार्टिफॉस जास्त चांगला, धबधब्याच्या मागे खांबांचा पडदाच आहे. पण चढ आहे, आईंना खाली कॅफेत बसवा.

जेवणाचं म्हणाल तर गुलाबी डुकराचं चित्र असलेलं बोनस नावाचं दुकान दिसेल, तिथून ब्रेड, भाज्या, स्कीर (आपल्या चक्क्याचा भाऊ) घ्यायचं आणि किचन असलेलं घर बुक करायचं. आम्ही छोटा कुकर नेला होता, रोज मुगाची खिचडी. नळाचं गार पाणी तसंच प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला मात्र सडक्या अंड्याचा वास येतो, गंधकाचा, घाबरू नका. आणि आईंच्या पायात चांदीची जोडवी असतील तर अंघोळीआधी काढायला सांगा, आमच्या सासूबाईंची तीन दिवसांत काळीकुट्ट झाली आणि त्यावरून आम्हाला परत येईपर्यंत बोलणी बसली.

---

प्रतिसाद ३

इन्शुरन्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

राखेचा प्रश्न हसण्यासारखा नाही. रोज ज्वालामुखी लागत नाही, जुनी राख आणि वाळू दक्षिणेच्या मैदानात पसरलेलीच आहे, वारा सुटला की ती गाडीचा रंग खरवडून काढते. व्हिकच्या पुढे सांडुर म्हणतात ती सपाट काळी मैदानं लागतात तिथे हे होतं. खडीचा आणि वाळूचा दोन्ही घ्या.

पण जे झालं ते कुठल्याच यादीत नव्हतं. व्हिकच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो, मी सहज दार उघडलं आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावून पुढे बॉनेटपर्यंत वळवलं. बिजागरी वाकली, दार परत लागेना, पुढचे ७० किमी बायकोने ते आतून ओढणीने बांधून धरलं. कंपनीने सांगितलं की दाराला वाऱ्याने झालेलं नुकसान कव्हर नाही, आणि बिल दीड लाखाच्या वर गेलं. आता गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करायचं, दार दोन हातांनी धरून उघडायचं, एका वेळी एकच दार. मुलीला हे घरूनच शिकवून न्या.

उजवीकडून चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते. ऑटोमॅटिक घ्या. पहिला दिवसभर तुम्ही इंडिकेटरऐवजी वायपर लावणार, सगळेच लावतात. गोल चौकात आतल्या लेनवाल्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियम लक्षात ठेवा. एका लेनचे पूल येतात, पाटीवर ‘आइनब्रेइद ब्रू’ लिहिलेलं असतं, जो आधी पोचेल तो आधी जातो. ‘मालबिक एन्दार’ दिसलं की डांबर संपलं, ब्रेक आधीच मारायचा, खडीवर गेल्यावर नाही. हेडलाइट दिवसासुद्धा चालू. मेंढ्या रस्त्याच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कोकरू अशा उभ्या असतील तर कोकरू पळणारच.

पेट्रोल पंपावर माणूस नसतो, चिपवालं कार्ड आणि चार आकडी पिन लागतो. इंटरनॅशनल वापर इथूनच चालू करून जा. अर्धी टाकी झाली की भरा.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, दार आणि ओढणी वाचून बायको आत्ताच दोन वेळा हसून आली. हरलो. लँडमन्नालौगर काढलं, उत्तरेकडचा भागही काढला.

आता असं करतोय: २ रात्री सेल्फॉस, १ व्हिक, २ हॉफ्नच्या अलीकडे, मग एका दिवसात परत येऊन २ रात्री रेक्याविक. शेवटच्या दिवशी ब्लू लगून (गरम पाण्याचं तळं). हे चालेल का?

---

प्रतिसाद १

हॉफ्न ते रेक्याविक ४५० किमीच्या आसपास आहे, ड्रायव्हर एकटे तुम्ही, शेवटचे दोन तास अंधारात येतील. परतताना स्कोगाफॉसच्या आसपास एक रात्र टाका, रेक्याविकची एक कमी करा.

वाटेत स्काफ्टाफेट्लजवळ रस्त्याकडेला दोन वाकलेले लोखंडी गर्डर दिसतील, नक्की थांबा. १९७४ ला तिथला मोठा पूल झाला तेव्हा कुठे हा रिंग पूर्ण जोडला गेला, आणि १९९६ ला व्हात्नायोकुल हिमनदीच्या बर्फाखाली ज्वालामुखी फुटून वितळलेलं पाणी महिनाभर साठलं आणि मग एकदम सुटलं, घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन. पूल चिंधीसारखा पिळून टाकला. आईंना गाडीतूनही दिसेल.

ब्लू लगूनचं बुकिंग रद्द करता येणारं घ्या. २०२३ पासून त्या भागात ज्वालामुखी परत परत जागा होतोय, शेजारचं ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं, रस्त्यावरून लाव्हा गेला. लगून कधीही बंद होतं. रोज सकाळी निघण्याआधी सेफट्रॅव्हल आणि उम्फेर्दिन या दोन साइट बघायच्या, रस्ता लाल दाखवला तर हॉटेलात बसून खिचडी खायची. इमर्जन्सीला ११२.

---

धागाकर्ता

ओके, स्कोगा धरलं. आई विचारतेय की ऑरोरा (रात्री आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) दिसेल का, तिला रात्री उठवायचं का? सप्टेंबरमध्ये रात्र पुरेशी काळी असते असं वाचलंय.

---

प्रतिसाद २

दादा, आकाश मोकळं असेल तर उठवाच. हवामान खात्याच्या साइटवर ढगांचा नकाशा असतो, त्यात पांढरा पट्टा म्हणजे मोकळं आकाश. आईंचा स्वेटर, कानटोपी आणि बूट दाराशी काढून ठेवा, शोधेपर्यंत ऑरोरा निघून जातो. थर्मलचे दोन जोड प्रत्येकी, आणि वरचं जॅकेट वॉटरप्रूफच हवं, तिथे छत्री उलटी होते.