कोलंबस (इंडियाना) मधली बाहेरची शिल्पं: आईबाबांना काय काय दाखवू?

कोथरूड_ते_कोलंबस
नमस्कार मंडळी. नवऱ्याची पुण्याहून इकडे कमिन्समध्ये (इंजिनं बनवणारी कंपनी) बदली झाली म्हणून आम्ही कोलंबसला आलोय (इंडियानामधलं कोलंबस, ओहायोवालं नाही, इंडियानापोलिसपासून खाली पाऊण तास). सप्टेंबरअखेरीस माझे आईबाबा येतायत. आईला देवळं, जुने वाडे, दगडातलं काम बघायला फार आवडतं आणि बाबांचं अख्खं आयुष्य भोसरीच्या फाउंड्रीत गेलं, ते "मला कलेबिलेतलं कळत नाही" म्हणतात पण कुठलीही ओतलेली वस्तू दिसली की हात लावून बघतात. गावात जागोजागी मोठमोठी शिल्पं उभी आहेत, लायब्ररीसमोर तर हेन्री मूरची ती प्रचंड कमान आहे, मुलगा रोज तिच्यातून पळत जातो. तर दोन प्रश्न. एक म्हणजे पायी फिरून एका सकाळीत काय काय दाखवता येईल, आईच्या गुडघ्यांचा विचार करून सांगा. आणि दुसरं, बाबा नक्की विचारणार की पन्नास हजार वस्तीच्या गावात हे आलं कुठून आणि पैसे कोणी दिले, तर मला नीट सांगता यायला हवं. बोर्डावर नाव आणि साल असतं पण त्यानं त्यांचं समाधान होणार नाही.

रानवाट
ताई, मस्त प्रश्न. मी बरीच वर्षं तिथे होतो, आता टेक्सासला आहे, पण ते गाव अजून डोक्यातून जात नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण तो कळला की फिरायला मजा येते. जे. आयर्विन मिलर हा माणूस लक्षात ठेवा. कमिन्सचा प्रमुख, गावातल्याच घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा पुरेनात, घाईघाईत कशाही इमारती उभ्या राहायला लागल्या. तेव्हा कमिन्स फाउंडेशननं शाळा मंडळाला सांगितलं की आम्ही चांगल्या आर्किटेक्टची यादी देतो, त्यातला तुम्ही निवडा, त्याची फी आम्ही भरू, बांधकामाचा खर्च तुमचा. पहिली शाळा १९५७ ची, हॅरी वीझची. मग फायर स्टेशन, पोस्ट ऑफिस वगैरे बऱ्याच सार्वजनिक इमारती अशाच चांगल्या हातांकडून होत गेल्या. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यानं इमारत फुकट बांधून दिली नाही, गावाला स्वतःच्या खिशातनं बांधायला लावली आणि फक्त चांगलं काम करणारा माणूस आणायची सोय केली. त्यामुळे ते गावाचंच राहिलं.

शिल्पं या इमारतींच्या मागोमाग आली. लायब्ररी आय. एम. पेईची, १९६९ ची (पॅरिसला लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड आहे ना, तोच पेई). समोर एलिएल सारिनेनचं १९४२ चं फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १६६ फुटी मनोरा एकटा बाजूला उभा. मध्ये विटांचं मोठं पटांगण. दोन्हीकडे सगळं सरळ रेषेत, काटकोनात. पेईला वाटलं की या पटांगणाला मधे काहीतरी हवं जे सगळ्याला बांधून ठेवेल, म्हणून मूरचं नाव पुढे आलं आणि मिलर पतिपत्नींनी ती कमान गावाला भेट दिली, १९७१ साली. म्हणजे ती कुठूनतरी विकत आणून टेकवलेली नाही, त्या जागेचा विचार करून तिथे आलीय. बाबांना पाचव्या रस्त्याच्या पलीकडे, चर्चच्या बाजूला उभं करा आणि तिथून बघायला सांगा, मग दोन पावलं डावीकडे उजवीकडे सरकवा, कमानीतली मोकळी जागा सारखी बदलते.

रस्ता असा: गाडी लायब्ररीपाशी लावा, कमान बघा, चर्च बाहेरून बघा, समोरच व्हिजिटर सेंटर आहे तिथे आत चिहुली या काचशिल्पकाराचं पिवळं काचेचं झुंबर आहे (आईंना बसायलाही मिळेल). मग वॉशिंग्टन स्ट्रीटवर कॉमन्समध्ये (गावाचं सार्वजनिक सभागृह) टिंगेली या शिल्पकाराचं केऑस वन. आतमध्ये आहे, बाहेर नाही, पण ते सोडू नका. तीस फूट उंच, सात टनांचं, भंगारातलं लोखंड जमवून केलेलं, १९७४ चं, आणि ते फिरतं, गोळे रुळांवरून घरंगळत जातात, मोठा आवाज होतो. आधीची कॉमन्सची इमारत पाडली आणि २०११ साली नवी उघडली, पण केऑस जागचं हललं नाही, त्याच्याभोवती नवी इमारत उभी केली. तिथून कोर्टापर्यंत चालत काहीच नाही, तिथलं सैनिक स्मारक बघा.

तांबट_आळी
बाबा फाउंड्रीतले म्हणजे त्यांना कमानीपाशी नुसतं "हेन्री मूर, थोर शिल्पकार" सांगू नका, त्यांना आकडे सांगा. उंची साधारण वीस फूट, वजन साडेपाच टन. इथेच ते थांबतील आणि हिशोब करायला लागतील. कारण एवढी मोठी वस्तू भरीव असती तर वजन याच्या कितीतरी पट भरलं असतं, म्हणजे आतून पोकळ आहे, ब्राँझचं नुसतं कवच.

पश्चिम बर्लिनला हर्मान नोआकच्या ओतशाळेत ओतलीय, सँड कास्टिंग, जवळजवळ पन्नास तुकड्यांत. म्हणजे आधी मोठं मॉडेल, त्याचे भाग पाडायचे, एकेका भागाचा वाळूत साचा, आत कोअर (पोकळी राहावी म्हणून ठेवलेला वाळूचा गाभा), मग ओतायचं, फेटलिंग म्हणजे जास्तीचा धातू काढून साफसफाई करायची, तुकडे जुळवून वेल्डिंग, वेल्डिंग घासून सपाट आणि शेवटी केमिकल लावून तो रंग चढवायचा ज्याला पॅटिना म्हणतात. आता ज्यानं आयुष्यभर पंपाच्या बॉडी ओतल्यात त्याला माहिती असतं की पन्नास तुकडे वेगवेगळे थंड झाले की प्रत्येक थोडा वेगळा आकसतो, थोडा वाकतो, आणि मग ते एकमेकांना असे जुळवायचे की लांबून एकसंध हाड वाटावं, हे किती जिकिरीचं काम आहे. (हाड म्हणतोय ते उगाच नाही, मूर हाडं आणि गारगोट्या गोळा करायचा, त्याचे खूप आकार तिथूनच आलेत.) त्यांना सकाळी लवकर न्या, ऊन तिरकं असताना. जोड शोधायला सांगा. वेल्डिंगचा धातू जरा वेगळा असतो म्हणून त्या रेषेवर पॅटिना कधीकधी वेगळा चढतो, सरावलेल्या डोळ्याला ते दिसतं. माझी खात्री आहे ते तासभर हलणार नाहीत.

आणि एक जोडगोष्ट सांगा. याच कल्पनेची दगडातली कमान लंडनला केन्सिंग्टन गार्डन्समध्ये आहे, १९८० पासून. ट्रॅव्हर्टीन दगडाचे सात तुकडे, ३७ टन. ती काही वर्षांनी डळमळायला लागली म्हणून १९९६ ला उतरवून ठेवावी लागली आणि २०१२ ला पुन्हा उभी केली. आकार तोच पण दगडाला कमानीत ताण सोसत नाही आणि ब्राँझचं कवच तो सहज घेतं. वस्तू कशाची करायची हा निर्णय किती मोठा असतो ते फाउंड्रीवाल्याला लगेच पटेल.

कोथरूड_ते_कोलंबस
बापरे, तुम्ही दोघांनी एवढं मनापासून लिहिलंत, खूप आभार. बाबांना हे वाचून दाखवलं फोनवर, ते म्हणाले "कोअर काढला कसा असेल ते विचार" 🙂 आईसाठी दगडातलं काही सांगा ना कोणीतरी. आणि एक शंका, माझा मुलगा त्या कमानीला लटकतो, मोठी माणसंही टेकून फोटो काढतात, चालतं का ते? मला दरवेळी धाकधूक होते.

सांधा_आणि_भेग
मी म्युझियममध्ये कॉन्झर्वेशनचं, म्हणजे वस्तू जतन करायचं काम करते म्हणून शंकेचं उत्तर देते. कमानीतून चालत जावं, पळावं, त्यासाठीच ती तेवढी मोठी आहे. लटकू मात्र देऊ नका. तळव्याच्या घामात मीठ असतं, एकाच जागी वर्षानुवर्षं हात फिरला की तिथला पॅटिना जातो आणि पिवळं चकचकीत ब्राँझ उघडं पडतं, तुम्ही देवळात पायऱ्यांजवळच्या पितळी कासवाची पाठ बघितली असेल तशी. अंगठ्या, बांगड्या, बॅगेच्या चेन यांचे ओरखडे त्याहून वाईट. वरून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ उडून येतं आणि ते ब्राँझचं खरं दुखणं. म्हणून अशा बाहेरच्या ब्राँझला साधारण दरवर्षी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून, वर मेणाचा थर द्यावा लागतो. मेण म्हणजे धातूच्या आधी मार खाणारा थर, तो झिजतो आणि पुन्हा लावायचा. कंटाळवाणं काम आहे, कोणी त्याचे फोटो काढत नाही, पण ते चुकलं की दहावीस वर्षांत हिरवे ओघळ उतरलेले दिसतात.

आणि कोलंबससारख्या गावाची खरी कसोटी मला इथेच वाटते. वस्तू आणायला एक दिलदार माणूस पुरतो, ती टिकवायला मात्र दरवर्षी बजेटमध्ये तिचा आकडा यावा लागतो. त्यातून प्रत्येकाचा मिस्त्री वेगळा. ब्राँझला मेणवाला, चुनखडीच्या दगडाला पाणी आत शिरून गोठल्यावर पडणारी भेग ओळखणारा, केऑसला बेअरिंग आणि मोटर सांभाळणारा, आणि डाउनटाउनच्या एका गल्लीत निऑन दिव्यांचं काम आहे त्याला काचेच्या नळ्या वाकवणारा, जो आता शोधून सापडत नाही. आपल्याकडे पुतळा बसवताना उद्घाटनाला सगळे हजर असतात आणि नंतर तो धुवायला वर्षातून एकदा, जयंतीच्या आदल्या दिवशी, अग्निशमन दलाचा बंब येतो. त्या माराच्या पाण्यानं पॅटिना आणि मेण दोन्ही जातं. हे थांबायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

रानवाट
आईंसाठी: कोर्टाच्या हिरवळीवरचं बार्थोलोम्यू काउंटीचं सैनिक स्मारक. १९९७ चं, मॅरीअॅन थॉम्प्सन आणि चार्ल्स रोझ यांनी केलेलं. इंडियानाच्याच चुनखडीचे पंचवीस खांब, पाच गुणिले पाच, प्रत्येक चाळीस फूट उंच. लांबून नुसतं खांबांचं रान दिसतं आणि लोक फोटो काढून निघून जातात. तसं करू नका, आत जा. खांबांमधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि आतल्या दगडावर त्या काउंटीतल्या गेलेल्या सैनिकांची नावं आहेत आणि त्यांनी लढाईवरून घरी पाठवलेली पत्रं कोरलीयत. साधी पत्रं, घरची चौकशी, हवा कशी आहे, परत आल्यावर काय करीन. तुम्ही ती आईंना मराठीत सांगत सांगत वाचा, दोनतीन पुरे. देवळाच्या सभामंडपात खांबांमधून फिरायची सवय असलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

निऑन म्हणताय ते फ्रेंडशिप वे, वॉशिंग्टन स्ट्रीटजवळची छोटी गल्ली, कॉर्क मार्चेस्कीचं काम, १९९८ चं. ते दिवसा बघून काही कळणार नाही, जेवण झाल्यावर आईस्क्रीम खायला डाउनटाउनला या आणि तेव्हा जा.

निळीशाई
थोडं वेगळं मत मांडू का. सगळे मूर, पेई, सारिनेन म्हणतायत ते बरोबरच आहे पण मला गावाचं कौतुक दुसऱ्या गोष्टीसाठी वाटतं. २०१७ पासून दर एक वर्षाआड तिथे एक्झिबिट कोलंबस होतं, नवे तरुण लोक त्याच पटांगणात, त्याच चर्चसमोर काहीतरी बांधतात, तीनचार महिने ठेवतात आणि काढून टाकतात. काही मला अजिबात आवडलेली नाहीत. पण त्यामुळे होतं काय की कायमची शिल्पं सवयीनं दिसेनाशी होत नाहीत, मूरच्या शेजारी एकदम काहीतरी रंगीत उभं राहिलं की माणूस मूरकडेही पुन्हा बघतो. नुसत्या कायमच्या वस्तू असलेलं गाव हळूहळू म्युझियम होतं. त्यामुळे ताई, आईबाबा येतायत ते वर्ष विषम असेल तर तेही बघून घ्या.

सांधा_आणि_भेग
@निळीशाई पटतंय, फक्त तात्पुरत्या कामांच्या कौतुकात कायमच्या वस्तूंच्या मेणाचे पैसे जायला नकोत एवढंच.

माणदेशी_पाखरू
उशिरा वाचला धागा. कोणीच औंधचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. साताऱ्याजवळच्या औंधला श्रीभवानी संग्रहालयात हेन्री मूरचं मदर अँड चाइल्ड आहे! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ ला संग्रहालय उभं केलं आणि आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. एका लहानशा संस्थानात. मिलरचं वाचताना मला सारखे तेच आठवत होते. तुमच्या आईबाबांनी बघितलं नसेल तर परत गेल्यावर पुण्याहून एका दिवसात होतं, आईंना यमाईचं दर्शनही होईल. ते लहान आहे, हाताच्या अंतरावरून दिसतं, आणि कोलंबसची कमान बघून आलेल्याला त्यात तीच गोलाई, तीच मधली पोकळी ओळखू येते.

तांबट_आळी
हे भारी सांगितलंत. ताई, बाबांच्या कोअरचं राहिलंच: मोठ्या पोकळ कास्टिंगला कोअर वाळूचाच, तुकडा दोन्हीकडून उघडा असतो त्यामुळे थंड झाल्यावर फोडून बाहेर काढायचा. वीस फुटी कमान अख्खी ओतली असती तर ते जमलंच नसतं, पन्नास तुकडे करण्याचं हेही एक कारण. त्यांना सांगा, आणि ते यावर काय म्हणाले ते इथे लिहा.