स्पिन-ध्रुवित इलेक्ट्रॉन प्लाझ्मातूनच काढायचा अट्टाहास कशासाठी?

इंदूरकर
लेसर-प्लाझ्मा प्रवेगाबद्दल, म्हणजे लेसरनं प्लाझ्मात (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत) लाट उठवून तिच्यावर इलेक्ट्रॉनांना वेग देण्याबद्दल, छापून येईल ते मी आवडीनं वाचतो. १९७९ साली ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलेली कल्पना आज प्रत्यक्षात आली आहे, हे मला मान्य आहे. बर्कलीच्या बेला लेसरनं २० सेंटिमीटर प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांना जवळपास ८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेलं. नेहमीच्या त्वरकाला तेवढ्यासाठी शेकडो मीटर लागतात.

पण आता त्याच प्लाझ्मातून स्पिन (इलेक्ट्रॉनाची अंगभूत चुंबकसुईच म्हणा) एका दिशेला लावलेले, म्हणजे ध्रुवित, इलेक्ट्रॉन काढायचे, हे मला पटत नाही. ते काम गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग) कधीपासून करतो आहे. वर्तुळ-ध्रुवित प्रकाश पाडला की ध्रुवित इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या त्वरक-प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांच्या अशाच शलाकेनं दाखवून दिलं की क्षीण बलाला डावं-उजवं कळतं. पुढे ताण दिलेले थर वापरून ध्रुवण ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस का लागायचं?

मृण्मयी
इंदूरकर, असहमत. फोटोकॅथोडच्या त्या ८० टक्क्यांमागे केवढा पसारा आहे, तेही सांगा की. त्या पृष्ठभागावरचा सीझियमचा थर इतका नाजूक असतो की अतिउच्च निर्वात नसेल तर कॅथोड मरतो. शिवाय त्यातून निघणारे इलेक्ट्रॉनांचे गुच्छ कोलायडरच्या, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या, मानानं जाडे असतात. ते बारीक करायला डॅम्पिंग रिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवत ठेवणारं वेगळं कडं, बांधावी लागते. म्हणजे प्लाझ्मानं वाचवलेली जागा मागच्या दारानं परत खर्ची पडते.

नवखा_वाचक
एक मूलभूत शंका. प्लाझ्मा म्हणजे सगळी खळबळ. त्यात स्पिन टिकतो तरी कसा?

मृण्मयी
प्लाझ्मा स्पिन लावून देत नाही, हे आधी लक्षात घ्या. स्पिन आधीच लावलेला वायू ठेवायचा आणि मग मुख्य लेसर सोडायचा. उदाहरणार्थ हायड्रोजन क्लोराइड. वर्तुळ-ध्रुवित अतिनील लेसरच्या स्पंदानं (क्षणिक झोतानं) रेणू तुटतो आणि सुट्या हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन एका दिशेला लागलेला असतो. तो तसाच राहत नाही. साधारण ०.३५ नॅनोसेकंदात तो अणुकेंद्राकडे जातो, तेवढ्याच वेळात परत येतो. म्हणून मुख्य स्पंदाची वेळ अचूक साधावी लागते. मला या सगळ्यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पुढचा धोका आहे तो बुडबुड्यात, म्हणजे लेसरमागे प्लाझ्मात तयार होणाऱ्या पोकळीत, शिरतानाचा. तिथलं चुंबकीय क्षेत्र अक्षाभोवती गोल फिरतं, त्यामुळे वेगवेगळ्या बाजूंच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन वेगवेगळ्या दिशांना वळतात आणि सरासरी ढासळते. ऊर्जा वाढली की हे वळणं मंदावतं. जो काही घात व्हायचा तो मुख्यतः सुरुवातीलाच होतो.

इंदूरकर
माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. शिरणारा प्रवाह वाढवला की त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र वाढतं आणि ध्रुवण घसरतं. प्रवाह कमी ठेवला तर शलाका उपयोगाची उरत नाही. आणि क्लोरीनचं काय? त्याच्याकडे १७ इलेक्ट्रॉन आहेत. त्यातले बाहेरचे सुटून आले की ध्रुवित इलेक्ट्रॉनांच्या दुधात पाणीच पडलं. २०१९ पासून आलेले शोधनिबंध वाचले. किलोअँपिअरचे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण ते संगणकावरचे आहेत.

राइनकाठ
सगळंच संगणकावर नाही. जर्मनीत डार्मस्टाटच्या फेलिक्स लेसरवर युलिश संशोधन केंद्राच्या गटानं ध्रुवित हीलियम-३ वायू वापरून प्रयोग केला. प्लाझ्मातून सुटलेल्या आयनांमध्ये अणुकेंद्रांचं ध्रुवण टिकल्याचा पुरावा मिळाला. आधी ड्युसेलडॉर्फमध्ये साध्या, अध्रुवित लक्ष्यातून निघालेले प्रोटॉन तपासले होते, त्यांत ध्रुवण आढळलं नव्हतं. लक्ष्यच ध्रुवित हवं, हा धडा तिथूनच पक्का झाला.

इंदूरकर
प्रयोग मोलाचा आहे, वादच नाही. पण अणुकेंद्राचा चुंबकीय आघूर्ण इलेक्ट्रॉनाच्या मानानं शेकडो पटींनी लहान. त्याचा स्पिन वळायलाच वेळ लागतो, तोवर आयन बाहेर पडलेला असतो. हीलियमचं यश इलेक्ट्रॉनाच्या खात्यावर जमा करू नका. त्यापेक्षा फोटोकॅथोडचा गुच्छच प्लाझ्मात सोडा ना!

मृण्मयी
बुडबुडा काही दहा मायक्रोमीटरचा. पिकोसेकंदांचा गुच्छ त्यात मावणार कसा? आधी तो दाबा, मग लेसरशी फेम्टोसेकंदांत जुळवा. म्हणजे अडचण सुटली नाही, फक्त दुसरीकडे सरकली. हीलियमबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य, इलेक्ट्रॉनाचं उत्तर इलेक्ट्रॉनाकडूनच यायला हवं. हॅम्बुर्गच्या डेझी या त्वरक-प्रयोगशाळेतला लीप प्रकल्प प्लाझ्मातून ध्रुवित इलेक्ट्रॉन काढण्यासाठीच आहे.

इंदूरकर
मग इलेक्ट्रॉनांचं ध्रुवण मोजणार कसं, तेही सांगा.

मृण्मयी
इलेक्ट्रॉन धातूच्या पत्र्यावर आदळवायचे. ध्रुवित असतील तर निघणारे गॅमा किरण वर्तुळ-ध्रुवित असतात. ते चुंबकीत लोखंडातून पार करायचे आणि चुंबकाची दिशा उलटली की पलीकडे पोचणाऱ्या गॅमांत फरक पडतो का ते बघायचं. फरक इवलासा, कारण लोखंडाच्या २६ पैकी जेमतेम दोन इलेक्ट्रॉन चुंबकाच्या दिशेत असतात. इकडे लेसर-प्लाझ्माचा विद्युतभार दर शॉटला त्याहून जास्त हलतो. म्हणून शॉटमागून शॉट घेत, दिशा उलटसुलट करत सरासरी काढत बसायचं. तुम्ही याला अट्टाहास म्हणता. मी अशा मोजमापावर आयुष्याची चार वर्षं आनंदानं घालवीन.