कमोडोर ६४चे दुर्मिळ गेम : शोध आणि पारख (अनुभव लिहा)

धागाकर्ता : १९८२च्या या घरगुती संगणकाचे गेम ऑनलाइन शोधताना काय पाहायचं आणि फसगत कुठे होते, ते लिहा. नेमकं लिहा, नवख्यांना उपयोग होईल.

तिरपा_उजेड : गेमच्या नावाने शोधलं की सगळ्यांना दिसलेलाच माल दिसतो. इंग्रजी 'कमोडोर'मधला एक एम गाळून शोधा. जर्मनीत हे यंत्र भरपूर खपलं, म्हणून 'ज़ामलुंग' म्हणजे संग्रह, हा शब्दही टाकून बघा. ढिगाने विकायला काढलेल्या फ्लॉपी डिस्कांचे फोटो मोठे करून लेबलं वाचा. विकणाऱ्याने ती वाचलेली नसतात.

'अनटेस्टेड' असेल तर चालत नाही असंच धरून किंमत बोला. पाकिटाच्या खाचेतून दिसणाऱ्या चकतीचा फोटो मागा, चकती थोडी फिरवून तीन-चार जागी. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. ती डिस्क तशीच चालवलीत तर ड्राइव्हचं वाचणारं हेड माखतं आणि पुढची चांगली डिस्कही खरवडली जाते.

अर्धा_ट्रॅक : +१. डिस्क हाती आल्यावर आधी प्रत काढा, खेळणं नंतर. डी६४ फाइलमध्ये (डिस्कची नेहमीची संगणकीय प्रत) ३५ ट्रॅक म्हणजे चकतीवरची वर्तुळं, त्यांचे ६८३ ब्लॉक म्हणजे तुकडे, म्हणजे १,७४,८४८ बाइट बसतात. कॉपी-प्रोटेक्शनसाठी, म्हणजे नक्कल रोखायला, मुद्दाम बिघडवलेले ट्रॅक तिच्यात नीट उतरत नाहीत. मूळ डिस्क असेल तर जी६४ (ट्रॅक जसेच्या तसे ठेवणारी फाइल) करा, नाहीतर ग्रीजविझलने (पीसी आणि फ्लॉपी ड्राइव्ह जोडणारं कार्ड) कच्चं फ्लक्स वाचन, म्हणजे चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे, घ्या. दोनदा वाचून ताडून बघा.

एक खोच : कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह इंडेक्सचं भोक (चकतीची फेरी कुठे सुरू होते ते दाखवणारं) बघतच नाही. पीसीचे बरेच ड्राइव्ह बघतात, त्यामुळे उलटी घातलेली दुसरी बाजू त्यांत वाचली जात नाही. डिस्क खराब समजून टाकू नका!

फीत : कॅसेटवाल्यांनी टी६४ फाइलवर समाधान मानू नये. तिच्यात नुसता प्रोग्राम असतो. टॅप (TAP) फाइलमध्ये फितीवरच्या स्पंदांची लांबी नोंदलेली असते, म्हणून मूळ लोडर (गेम चढवणारा प्रोग्राम) टिकतो. लोड एरर आली तर हेडचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, आधीची जागा खूण करून. टर्बो म्हणजे वेगवान लोडरला हेडचा किंचित कलही खपत नाही.

पन्नास_हर्ट्झ : गेम पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) की एनटीएससी (अमेरिकेतली) ते विचारा. पालच्या ३१२ रेषांवर बेतलेला गेम २६३ रेषांच्या यंत्रावर अनेकदा चित्र फाडतो किंवा अडकतो.

तिरपा_उजेड : राहिलंच. काही गेम मॅन्युअलमधला शब्द किंवा सोबतच्या कोडचक्रावरचा (फिरवून जुळवायची कागदी चकती) आकडा विचारतात. सुटी डिस्क स्वस्त दिसली तर आधी हे तपासा.