दोन सायकली, एक ईको आणि सागरी महामार्ग: आत काय बसवू, काय सोडू?

दोनचाकी
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं चिपळूणचे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. माझ्याकडे २९ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक), बायकोकडे हायब्रिड (डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल). रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग तुकड्यातुकड्याने सायकलवर करायचा असं तीन वर्षं नुसतं बोलतोय. एका दमात होणार नाही, गुडघे आमचे आम्हाला माहीत. म्हणून ठरवतोय की घरच्या ईकोलाच (मारुतीची पाच सीटर व्हॅन, पेट्रोल) कॅम्पर, म्हणजे झोपायची सोय असलेली गाडी, करायचं. एका गावात गाडी लावायची, दोन-तीन दिवस आसपास सायकली फिरवायच्या, मग पुढचं गाव.

अडचण सरळ आहे. सायकली आत घेतल्या तर झोपायला जागा नाही, आणि झोपायची जागा केली तर सायकली बाहेर. मागे रॅक लावू? टपावर घेऊ? की ईको विकून जुनी विंगर (टाटाची मोठी व्हॅन) बघू? शिवाय यूट्यूब बघून बघून बायकोने सिंक, फ्रिज, इन्व्हर्टर अशी यादी केली आहे. (बरं, यादी माझीच आहे.) दिवाळीनंतर निघायचंय. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

पानापक्कड
रॅकबद्दल मी बोलू शकतो, कारण मी दोन सीझन वापरून विकला.

मागच्या दारावरच्या रॅकवर दोन सायकली चढवल्या की नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. त्यावरून मला दोनदा थांबवलंय आणि थांबवणाऱ्याचं बरोबर होतं. दुसरं, गाडीची शेपूट वाढते. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी गाडी चढवून बघा. जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन असा होतो की रॅकचा खालचा पाइप घासतो. माझा घासला, वर बायकोच्या सायकलचं मागचं चाक थोडं वाकलं. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

आणि खारं वारं. रॅक ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचे. या दोन धातूंच्या मध्ये खारट ओल गेली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट जाम बसतो. एका पावसाळ्यानंतर चारपैकी तीन बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. लावायचाच असेल तर आट्यांना ग्रीस आणि मध्ये नायलॉनचे वॉशर.

टपाचं तर नावच नको. ईकोच सहा फूट, वर उभी सायकल साडेतीन फूट. आपल्या वाड्यांतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा किती खाली असतात ते मी सांगायला नको.

खाडीकाठ
मी विंगरच्या बाजूने. पलंग तीन फूट उंचीवर घ्या, खाली सायकली. पुढचं चाक काढलं की २९ इंची एमटीबी साधारण दीड मीटरच्या वर थोडी भरते. विंगर किंवा ट्रॅव्हलरमध्ये ती आडवी बसण्याची शक्यता आहे, पण विकत घेण्याआधी आतली रुंदी टेपने मोजा. ईको बाहेरूनच १४७५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे तिथे आडवी विसरा, गाडीच्या लांबीच्या दिशेनेच घालायची. मोठ्या गाडीत रात्री सायकल बाहेर काढायची कटकट नाही, चोरीची धास्ती नाही, दव नाही.

पानापक्कड
@खाडीकाठ, मान्य. पण ती विंगर घेऊन आंजर्ल्याच्या किंवा हर्णैच्या बाजारातून समोरून एसटी आल्यावर मागे घेऊन दाखवा. मग बोलू.

खाडीकाठ
दाखवतो की. पण तुमच्यासमोर नाही.

लोखंडी_खाट
फॅब्रिकेशनचा धंदा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

विंगरचा खर्च आत्ता करू नका. ईकोत सायकली चालताना आत आणि झोपताना बाहेर, ही पद्धत दोन माणसांना चालते. आधी त्यावर एक सीझन काढा.

सायकली आत घालताना एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. दोन्ही एकाच दिशेला ठेवल्या तर हँडल हँडलला भिडतं आणि रंग जातो. पेडल काढा, १५ चा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती घाला. नाहीतर प्रवासात कोणीतरी लिव्हर दाबतं आणि पॅड चिकटून बसतात. फोर्क (पुढचं चाक जिथे बसतं तो दुभागलेला दांडा) अडकवायला फळीवर क्लॅम्प, आणि मागच्या चाकाला एक पट्टा. सायकल नुसती टेकवून ठेवू नका. करकचून ब्रेक मारलात तर पंधरा किलोचं लोखंड तुमच्या मानेवर येईल.

पलंगाला बारा मिलिमीटर प्लाय पुरे, पण आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या, म्हणजे मरीन प्लाय. साधा घेतलात तर आपल्या हवेत दुसऱ्या पावसात कडा फुगतात. कापलेल्या कडांना रंग किंवा रेझिन मारल्याशिवाय बसवू नका. आठ बाय चारची एक शीट पंचवीस किलोच्या आसपास जाते, तेव्हा कपाटांचा मोह आवरा. एक पलंग, दोन क्रेट, संपलं.

भिंतींना आतून प्लाय ठोकायला तर मी माझ्याच गिऱ्हाइकांना नाही म्हणतो. थंडीच्या देशातले लोक भिंतीत ग्लासवूल (ऊब टिकवणारा काचतंतूंचा कापूस) भरतात, आपण त्यांची नक्कल करतो. इथे थंडी कुठे आहे? प्लायच्या मागे ओल अडकते, ग्लासवूल ती धरून ठेवतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून चकाचक, आतून चाळण. दाराच्या खाली पाणी जायची भोकं असतात ती मात्र मोकळी ठेवा.

वायरमन
विजेचा हिशोब करू या, म्हणजे यादी आपोआप लहान होईल.

दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे, प्रत्येकी १२ वॅट, आठ तास: १९२ वॉट-तास. एलईडी दिवे चाळीसच्या आसपास. मोबाइल आणि सायकलचे दिवे चार्ज करायला पन्नास-साठ. म्हणजे रात्रीला तीनशे. १२ व्होल्टची, ५० एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ६४० वॉट-तास देते, दोन रात्री निघतात. फ्रिज आला की गरज दुपटीच्या वर जाते, मग मोठी बॅटरी, मग सोलर. आणि सोलरला आंब्याच्या सावलीत काय मिळणार?

त्यापेक्षा गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करा. मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारा) हवाच, थेट वायर जोडू नका. पण २० ॲम्पिअरचा घेण्याआधी ईकोच्या अल्टरनेटरला तेवढा भार झेपेल का ते मेकॅनिकला विचारा. झेपत असेल तर दोन तास गाडी चालली की सुमारे पाचशे वॉट-तास भरतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज. इन्व्हर्टर लागत नाही, सगळं १२ व्होल्टवर चालतं.

सुकट_सोडे
फ्रिज कशाला? हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, तिथून घ्या आणि शेजारच्या खानावळीत तळून घ्या. अवांतर: गॅस घेतलात तर आत झोपताना शेगडी पेटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर बाहेर, दार उघडं.

रानभाजी
सगळे पुरुष बोलतायत म्हणून पलंग आणि बॅटरी चाललंय. मी दोन हिवाळे अशी राहिले आहे, मी सांगते.

डिसेंबरातसुद्धा किनाऱ्यालगत बंद गाडीत घाम येतो, आणि काचा उघडल्या की डास. सरकत्या दारांना कडेने चुंबक शिवलेली जाळी हवी, दोन्ही बाजूंना, म्हणजे वारा आरपार. सगळ्यात आधी ती करा, पलंग नंतर.

दुसरी गोष्ट न्हाणी. सिंक आणि पोर्टेबल शौचालय यांच्या भानगडीत पडू नका. ज्यांच्या अंगणात गाडी लावायची त्यांना स्पष्ट विचारायचं: "ताई, न्हाणीघर वापरू का, आणि जेवण होईल का?" दोन्हीचे पैसे द्यायचे. मला एकदाही नाही म्हटलेलं नाही. पाण्याचा वीस लिटरचा नळवाला कॅन मात्र घ्या, तो सायकली धुवायलाही लागतो. संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकं धुवायचं, प्रेशरने नाही. बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. पुसायचं, मग चेनला तेल.

आणि @दोनचाकी, यादी कोणाची ते कळलं. वहिनींना माझा नमस्कार.

गावकार
मालवणात येतलात तेव्हा गाडी कोणाच्याय खळ्यात (अंगणात) लावा, कोण नाय म्हणूचा नाय. फक्त माडाखाली नको, नारळ पडलो तर काच गेली. आणि पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) गाडी घालू नकात. दरवर्षी गाडी रुतता, मगे भरती इली की ट्रॅक्टर शोधूक धावतत.

खाडीकाठ
नियमांचं कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. टप उंच करणं तर सोडाच, मागची सीट कायमची काढायची असेल तरी आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. माझ्या गाडीत मी सगळं पट्ट्यांनी बांधलेलं ठेवलंय, सामान म्हणून चढतं, सामान म्हणून उतरतं.

एक सुचवणी: गुहागरला तळ ठोकला तर पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करून परत असा छान दिवस होतो. पुढच्या टप्प्यात तवसाळ-जयगड फेरीने पलीकडे गेलात की मालगुंड, गणपतीपुळे. फक्त नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. इथे प्रत्येक खाडीला उतार आणि पुढच्या सड्यावर (माथ्यावरच्या कातळी पठारावर) पुन्हा चढ.

दोनचाकी
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराने परत आलोय.

विंगर रद्द. फ्रिज आणि सिंक रद्द (बायको म्हणाली, "मी कधी मागितलं होतं?"). आधी खोक्याचे पुठ्ठे चिकटवून पलंगाचं माप अंगणात काढलं आणि दोघं त्यावर झोपून बघितलं. शेजाऱ्यांनी विचारलं, सगळं ठीक ना? पुढच्या सीट पुढे सरकवल्या की मी तिरका मावतो, बायको सरळ. पलंग तीन तुकड्यांचा, सायकली आत असताना एकावर एक रचून बाजूला उभा. जाळ्या शिवायला टाकल्या. सायकली रात्री ताडपत्रीखाली, साखळीने गाडीच्या चाकाला बांधून.

एकच अडलंय. बायकोच्या हायब्रिडला साधं क्विक रिलीज (लिव्हर उघडून चाक सोडवायची बारीक दांडी) आहे, त्याचा क्लॅम्प मिळाला. माझ्या एमटीबीला १५ मिलिमीटरची थ्रू-एक्सल (फोर्कच्या दोन्ही पायांतून आरपार जाणारी जाड दांडी), तिचा इथे कुठे मिळत नाही.

लोखंडी_खाट
विकत घेऊ नका. फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर मोजा, १०० किंवा ११० मिलिमीटर असेल. तेवढ्याच लांबीची, आतून १५ मिलिमीटर एक्सल सैल न होता सरकेल अशी लोखंडी नळी लेथवाल्याकडून करून घ्या. पट्टीवर वेल्ड करून फळीला बोल्ट मारा. एक्सल सायकलचीच वापरायची. वेल्डिंगनंतर नळी वाकडी झाली नाही ना ते एक्सल घालून तिथेच बघा, घरी नेऊन नाही. आणि रंग मारायला विसरू नका, आपल्याकडे आठवड्यात तांबडी होते.