डिपार्टमेंटमध्ये रिसर्च स्टुडंट्सची प्रतिनिधी झालेय, नेमकं काय करायचं असतं?

केमिस्ट्री_तिसरं_वर्ष:
नमस्कार मंडळी, मी एका राज्य विद्यापीठात पीएचडी करतेय. डिपार्टमेंटला आम्ही चाळीसेक जण आहोत पण एकमेकांना ओळखत नाही म्हटलं तरी चालेल, आपली लॅब, आपला गाइड आणि रात्री हॉस्टेल. मागच्या महिन्यात हेड सरांनी सांगितलं की तुमच्यातला एक जण प्रतिनिधी द्या, डिपार्टमेंटच्या मीटिंगला बसेल. सगळे खाली बघत बसले, शेवटी मीच म्हटलं मी करते.

खरं कारण सांगते. शेजारच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरची फेलोशिप आठ महिने आली नव्हती, खोलीचं भाडं थकलं होतं, एक वेळ जेवून दिवस काढत होता. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये फक्त एक भिंत आहे आणि मला हे कळलं कोणाकडून तर मेसच्या काकूंकडून. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये.

तर विचारायचं असं की प्रतिनिधीला नियमात काही स्थान आहे का, की नुसतं नावाला? आणि लोकांना बोलतं कसं करायचं? व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण त्यात सर लोकही आहेत, तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे कोणी काही लिहीत नाही.

सबमिशन_झालं_एकदाचं:
अभिनंदन, आणि पुढे आलात हे फार चांगलं केलंत.

नियमांचं सांगतो, कारण हे कोणीच नीट सांगत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, त्यात विद्यापीठाच्या विभागांसाठी वेगळी परिषदही येते. पण तुमच्यासारखं एका डिपार्टमेंटचं पद हे बहुतेक ठिकाणी हेडच्या इच्छेवरच चालतं, म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये ते इतिवृत्तात लिहून घ्या. उद्या हेड बदलले की तोंडी ठरलेलं सगळं जातं.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2023 चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम वाचा. त्यातल्या तक्रार निवारण समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून असतो आणि तक्रारीवर 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्याने समाधान झालं नाही तर वर विद्यापीठाचा लोकपाल आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी जी अंतर्गत समिती असते तिच्यात, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर, एक सदस्य संशोधक विद्यार्थ्यांमधून निवडून आलेला लागतो, तो तुमच्या विद्यापीठात खरंच निवडलाय का हे विचारा. आणि 2022 चे पीएचडीचे नियम प्रिंट काढून बोर्डावर लावाच. आमच्याकडे एक ताई बाळंतपणासाठी रजिस्ट्रेशन सोडायला निघाली होती, अर्ज टाइप करून झाला होता, तेव्हा कोणीतरी सांगितलं की मुलींना 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती आता थिसिस लिहितेय.

गुरुवारचा_चहा:
वरच्या दादांनी कायद्याचं सांगितलं, मी चहाचं सांगते. हसू नका, पण आमचं सगळं त्यातूनच उभं राहिलं.

दर गुरुवारी चार वाजता, झेरॉक्सवाल्याच्या बाजूच्या कट्ट्यावर, गाइड लोकांना आमंत्रण नाही. पहिल्या गुरुवारी आम्ही तिघी, दुसऱ्याला पण तिघीच, मला वाटलं बंद करावं. तिसऱ्या वेळी एक मुलगा आला आणि बोलता बोलता म्हणाला की एक कॅटॅलिस्ट मागवून पाच आठवडे झाले, अजून पत्ता नाही, काम ठप्प आहे. समोर बसलेली म्हणाली, अरे ते तर आमच्या कपाटात आहे, अर्धी बाटली. एकाच मजल्यावर! ती बाटली घेऊन तो कॉरिडॉरमधून अक्षरशः पळत गेला. पुढच्या गुरुवारी अकरा जण.

मग कळायला लागलं कोणाचा प्रोग्रेस रिपोर्ट सहीविना पडलाय, कोण चार महिने घरी गेलं नाही, कोण रात्री लॅबमध्ये एकटं थांबायला घाबरतं. तक्रारी सांगा म्हटलं की कोणी सांगत नाही गं, चहा घेता घेता आपोआप येतं. एक मात्र पाळ, कोणाचं नाव त्याला विचारल्याशिवाय मीटिंगमध्ये घ्यायचं नाही. "तीन जणांच्या सह्या दोन महिने अडल्यात" एवढंच बोलायचं. एकदा विश्वास गेला की चहाला सुद्धा कोणी येणार नाही.

जर्मनीहून_मिरजकर:
मी इथे माक्स प्लांक या जर्मन संशोधन संस्थेच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करतोय. इथे 2003 पासून पीएचडीनेट म्हणून सगळ्या इन्स्टिट्यूटच्या पीएचडीवाल्यांचं जाळं आहे, प्रत्येक इन्स्टिट्यूटमधून प्रतिनिधी निवडतात, आणि ते सर्व्हे करून आकडे गोळा करतात. पूर्वी इथे बऱ्याच जणांना नुसता स्टायपेंड मिळायचा, 2015 ला तो बदलून नवीन लोकांना करार द्यायचं ठरलं, त्यासाठी हे लोक कितीतरी वर्षं मागे लागले होते. मला त्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते ती म्हणजे मोजून ठेवा. किती जणांची फेलोशिप किती महिने अडकलीये याचा एक कागद घेऊन गेलं की समोरचा ऐकतो, "खूप जणांना त्रास आहे" म्हटलं की मान हलवून पुढचा विषय घेतात.

आणि एकटी करू नकोस, अजून एक जण सोबत घे. तुझापण थिसिस आहे.

केमिस्ट्री_तिसरं_वर्ष:
खूप आभार सगळ्यांचे, दोनदा वाचलं सगळं. काल हेड सरांना विचारलं, इतिवृत्तात नोंद घ्यायला लगेच हो म्हणाले. आणि त्या ज्युनिअरशी बसून बोलले. त्याचा फेलोशिप पुढे चालू ठेवायचा कंटिन्युएशन फॉर्म ऑफिसमध्ये एका सहीसाठी मार्चपासून पडून होता आणि त्याला वाटत होतं की पैसे वरूनच आले नाहीत. आम्ही दोघं जाऊन सही घेऊन आलो, आता पुढे पाठवलाय, पैसे येतील तेव्हा खरं. दुसरा प्रतिनिधी म्हणून मी त्यालाच विचारलं. विचार करून सांगतो म्हणाला, पण गुरुवारी चहाचा थर्मास मीच आणतो असं जाता जाता म्हणून गेला.