ईएमईतून निवृत्त वडील, फुप्फुसाचा आजार: डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा होतो का?

उपनगर_नाशिकरोड:
वडील ईएमईत (सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणारी कोअर) व्हेइकल मेकॅनिक होते. बरीच वर्षं तोफखान्याच्या रेजिमेंटच्या एलएडीत (रेजिमेंटसोबतची छोटी दुरुस्ती तुकडी), काम मुख्यतः ब्रेक आणि क्लचचं. २००९ ला हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त श्रेणी). २०१४ पासून दम लागतो. आता एचआरसीटीत (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) इंटरस्टिशियल लंग डिसीज (फुप्फुसाच्या ऊतीचा आजार) आणि प्ल्यूरल प्लाक (फुप्फुसाच्या आवरणावरचे जाड चट्टे) आलेत. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी विषारी धुराचा कायदा झालाय म्हणतात. आपल्याकडे तसं काही आहे का? अर्ज नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला (तोफखान्याच्या सैनिकांचे सेवा-कागद ठेवणारं ऑफिस) द्यायचा ना? आणि हो, वडील बिडी ओढायचे.

देवळाली_कॅम्प:
उपचार आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत, आधी हे डोक्यातून वेगळं करा. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आजार नोकरीमुळे झाला की नाही हे कुणी विचारत नाही. देवळालीच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या आणि पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये छातीच्या तज्ज्ञाला दाखवा. अचानक पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. नंतर परतावा मिळतो, पण ठरलेल्या सरकारी दरानेच. वरचे पैसे खिशातून जातात. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागला तर तज्ज्ञाची शिफारस आणि मंजुरी आधी घ्या. बरेच जण आधी मशीन विकत घेतात आणि मग बिल घेऊन फिरतात. ते बिल अडकतं.

अर्जाचं म्हणाल तर, नाशिक रोडला हेलपाटे घालू नका. रेजिमेंट तोफखान्याची असली तरी वडिलांची कोअर ईएमई, म्हणजे त्यांचे कागद सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्सकडे. घराजवळचं ऑफिस आपलंच असं धरून चालणारे इथे पुष्कळ.

पेन्शन_खिडकी:
अमेरिकेचा तो पॅक्ट कायदा १० ऑगस्ट २०२२ चा. त्यात ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळात तैनात असलेल्याला यादीतला आजार झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असं सरकार गृहीत धरतं. आपल्याकडे अशी ठिकाण आणि आजाराची जोडी लावलेली यादी नाही. संबंध दाखवावा लागतो.

वडील २००९ चे, म्हणून २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स (आजार नोकरीमुळे झाला का हे ठरवायचे नियम) लागू (२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे). निवृत्तीनंतर उघड झालेल्या आजारासाठी त्यात वेगळी तरतूद आहे: आजाराची प्रक्रिया नोकरीतल्या परिस्थितीमुळे सुरू झाली आणि उशिरा दिसली, असं वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केलं पाहिजे. त्याला निवृत्तीपासून ठरावीक वर्षांची मर्यादा असते. म्हणून तुमचा दावा आजच्या एचआरसीटीपेक्षा २०१४ च्या कागदांवर जास्त उभा राहील. पॉलिक्लिनिकची तेव्हाची ओपीडी चिठ्ठी, एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकर मारून करतात ती श्वासाची चाचणी), जे सापडेल ते. आधी हेच शोधा.

बिडी लपवू नका, मेडिकल बोर्ड (अपंगत्व ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ) विचारणारच. फक्त डॉक्टरांना सांगा की नुसतं ‘दमा’ किंवा ‘सीओपीडी’ (धूम्रपानाने होणारा श्वासनलिकांचा जुनाट आजार) लिहून सोडू नका. बिडीने प्ल्यूरल प्लाक होत नाहीत, ते अ‍ॅस्बेस्टॉसकडे बोट दाखवतात (धूळ श्वासात गेली की फुप्फुसाला इजा करणारं तंतुमय खनिज). जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, आणि ड्रम उघडून एअर लाइनने धूळ उडवली की तो श्वासात जायचा. तज्ज्ञाच्या पत्रात कामाचा प्रकार, किती वर्षं, प्लाक, डीएलसीओचा (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते मोजणारी चाचणी) आकडा आणि ‘उशिरा दिसलेला परिणाम’ हे सगळं हवं. हे नसेल तर बोर्ड ‘नोकरीमुळे नाही, नोकरीने वाढलाही नाही’ लिहून मोकळा होतो.

धरमवीर सिंग (२०१३) हा सुप्रीम कोर्टाचा निकाल जो तो अर्जाला जोडतो. भरतीच्या वेळी तंदुरुस्त होता तर शंकेचा फायदा सैनिकाला, हे त्यातलं तत्त्व. पण तो नोकरीत असताना आलेल्या आजाराचा मामला. जोडा हवं तर, त्याच्या भरवशावर राहू नका.

उपनगर_नाशिकरोड:
धन्यवाद. एलएडीतलं काम सिद्ध कसं करायचं? आणि मंजूर झालं तर किती मिळतं?

पेन्शन_खिडकी:
ट्रेड, पोस्टिंग आणि सगळे मेडिकल कागद माहिती अधिकारात मागवा, फी १० रुपये. अर्ज वडिलांच्या सहीने जाऊ द्या. मुलाच्या नावाने गेला तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं, नंबर आणि युनिटच्या तारखांसह.

अपंगत्व किमान २० टक्के ठरलं पाहिजे. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरण्याची सवलत आहे, राम अवतार (२०१४) निकालाने ती मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. मात्र ऑफिस ती आपणहून लावेल अशी आशा नको, अर्जात मागा. म्हणजे शेवटचा पगार २०,००० धरला तर ५० टक्क्यांवर महिना ३,००० आणि वर महागाई सवलत.

माजी_सुभेदार:
नकार आला तर पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं. त्यानंतर सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. उशीर केलात तर थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. अपील कसं लिहायचं यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते मसुदा तपासून देतात. नकाराचं पत्र ज्या लिफाफ्यातून आलं तो टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवा, मुदत मोजताना तारखेचा वाद होतो.